जसंच्या तसं

पारूबाई कोळेकर खोटं बोलते, असं मशीननं सांगितलं होतं. हेमलता सबनीसांना मात्र संशय आला तो तिला घेऊन आलेल्या वकिलाचा.

निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या दारात वकील उभा राहतो तो चहा प्यायला नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यातून हा निसार मुजावर. पूर्वी त्यांच्याच कोर्टात उभा राहायचा. तेव्हा केस काळे होते आणि जीभ त्याहून काळी.

"मुजावर, तुम्ही साक्षीदार पढवून आणायचात, ते मी विसरलेले नाही," त्यांनी बसा म्हणायच्या आधीच सुनावलं.

"मॅडम, पढवून आणलं असतं तर नव्वद अंक पडले असते," मुजावर हसून म्हणाले. "बाईला पढवलं नाही, तेवढीच चूक झाली. एकतीस पडले."

ते आकडे आता सगळ्या राज्याला पाठ झाले होते. दोन वर्षांपूर्वी सरकारनं साक्ष पडताळणीचा कायदा केला आणि प्रत्येक सत्र न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यावर 'पारख' बसली. चहाच्या डब्याएवढी पेटी, तिला एक भिंग आणि एक माईक. साक्षीदार बोलू लागला की समोरच्या पडद्यावर शंभरपैकी अंक उमटायचा. सत्तरच्या वर असेल तर साक्ष ग्राह्य. चाळीसच्या खाली आली तर नुसती फेटाळली जायची नाही, खोटी साक्ष दिल्याचा खटला त्या माणसावर आपोआप उभा राहायचा. न्यायाधीशाला त्यात बोलायला जागाच ठेवली नव्हती. लोक खूष होते. खटले भराभर निकाली निघत होते. वर्तमानपत्रांनी पारखीचे गोडवे गायले होते.

पारूबाई खुर्चीवर बसायला तयार नव्हती. उंबऱ्याशीच टेकली. चाळिशीची, काटक, डोईवरचा पदर दातात धरून बसलेली. तिचा नवरा आंबेघरच्या पाझर तलावावर राखणदार होता. तलाव फुटला आणि तो वाहून गेला. तलाव बांधणारा ठेकेदार म्हणाला, पाण्याच्या दाबानं बांध फुटला. पारूबाई म्हणाली, बांध फोडला. ठेकेदार मंत्र्यांचा साडू होता, हे मुजावरांनी सांगायची गरज नव्हती.

"काय बघितलंस ते मला सांग," हेमलताबाई म्हणाल्या.

"आधी शेरडं वरडाय लागली," पारूबाईनं सुरुवात केली. "मला वाटलं, लांडगं आलं. गाभण व्हती एक, लई जीव तिच्यावर. धनी म्हनायचं, हिला इकायची न्हाई. तर म्या काठी घिऊन भाईर आले, तर काय, बांधावर पिवळा जेशीबी! दिवा न्हाई काय न्हाई. आता दिवा न लावता कोन खोदतंय का बाई? म्या हाळी दिली. धनी पलीकडच्या अंगाला व्हतं..."

हेमलताबाईंनी तिला मध्येच तोडलं. जेसीबी डावीकडे होता की उजवीकडे? नवरा दारू प्यायचा का? ठेकेदाराशी आधीचं भांडण होतं ना? मग तेच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा टाकले. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या फेरीत उत्तरं सरळ करतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. पारूबाईची उत्तरं दुसऱ्या फेरीतही तशीच वाकडीतिकडी राहिली. शेवटी ती चिडलीच.

"किती बारी इच्यारताय! तुमी बी त्या डबड्यावानीच हायसा."

मुजावरांनी कपाळाला हात लावला. हेमलताबाईंना मात्र तिचा राग आला नाही. बाई खरं बोलत होती. त्यांची खात्री झाली आणि खात्री झाली म्हणूनच नवा संशय डोक्यात शिरला. मशीनला कुणीतरी हात लावलेला असणार. साडूसाठी सरकार एवढं नक्कीच करील.

"पुढच्या महिन्यात तिला अटक होईल," मुजावर निघताना म्हणाले. "मी उच्च न्यायालयात गेलोय. तुमचं नाव घेतलं तर न्यायमूर्ती ऐकतील."

"आणि तुम्हाला पुढच्या निवडणुकीचं तिकीट मिळेल."

"मिळालं तर पेढे देईन, मॅडम. पण बाई खरं बोलते की नाही, ते आधी सांगा."

हेमलताबाईंना मात्र आपली मुलगी आठवत होती.

गौतमी सबनीस विधी विभागात सहसचिव होती. पारखीचा कायदा तिनंच लिहिला होता. 'पारख योग्य रीतीनं शिकवलेली आहे' असं सरकारतर्फे उच्च न्यायालयात दिलेलं प्रतिज्ञापत्रही तिच्याच सहीचं होतं. रविवारी ती आली ती थेट स्वयंपाकघरात. आईच्या हातची आमटी वाटीत ओतून घेत म्हणाली, "मुजावर येऊन गेला म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"गाव लहान आहे, आई."

गाव लहान होतं, पण मंत्रालय इथून पाच-सहा तासांवर होतं. पाळत कोण ठेवतंय, वकिलावर की आपल्यावर? हेमलताबाईंनी गॅस बंद केला.

"मशीनमध्ये काय फिरवलंत तुम्ही लोकांनी?"

गौतमी रागावली नाही. तिला हा प्रश्न अपेक्षित असावा. पिशवीतून तिनं तपासणीचा अहवाल काढून टेबलावर ठेवला. "तीन वेगवेगळ्या संस्थांनी तपासलंय. बाहेरच्या राज्यांतल्या. कुणी काही फिरवलेलं नाही. तूच वाच. तुझा आमच्यावर विश्वास नाही ना, मग स्वतः बघ."

मग तिनं आईला सगळं समजावून सांगितलं. लहानपणी आई तिला गणितं समजावायची तसंच, बोट टेकवत.

पारखीला खरं-खोटं कळत नाही. तिला फक्त साम्य कळतं. लहान मुलाला आपण आंबा दाखवतो, मग कैरी दाखवतो. 'आंबा म्हणजे काय' याची व्याख्या कधीच सांगत नाही. शंभरदा दाखवलं की ते आपलं आपण ओळखायला लागतं. पारखीला तशाच जुन्या खटल्यांच्या साक्षी दाखवल्या, लाखांनी. ज्या साक्षी सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकल्या, त्या खऱ्या. ज्या न्यायालयांनी फेटाळल्या, त्या खोट्या. दोन ढिगांत फरक काय, तो मशीननं आपला आपण शोधायचा. जुन्या साक्षींचे आवाज कुणी साठवले नव्हते, चेहरेही नव्हते. होते ते फक्त शब्द. म्हणून पारख शब्द बघते. वाक्यं कशी येतात, कुठून सुरू होतात, कुठं तुटतात. आता पिंजऱ्यातला माणूस बोलला की ती त्याच्या बोलण्याची जात ओळखते आणि कुठल्या ढिगाशी ती जुळते ते सांगते.

"आणि हे शब्द आणले कुठून?" हेमलताबाईंनी विचारलं.

"आपल्याच कोर्टांच्या नोंदींतून. तुझ्या कोर्टाच्या सगळ्यात जास्त घेतल्यात," गौतमी म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. "तुझे निकाल अपिलात क्वचितच फिरले ना."

गौतमी वरच्या खोलीत झोपायला गेली. हेमलताबाई दुपारभर अहवाल वाचत बसल्या. मागे नमुने जोडले होते. खऱ्या साक्षींचा एक नमुना त्यांनी वाचला आणि त्या थांबल्या. तो त्यांचाच होता. मासे विकणाऱ्या एका म्हातारीची साक्ष. तिचा मुलगा मारला गेला होता. कागदावर ती म्हणत होती, 'सदर इसमास मी चेहऱ्याने ओळखते. घटनेच्या वेळी मी घटनास्थळी हजर होते.'

त्या म्हातारीनं जन्मात कुणाला 'सदर इसम' म्हटलं नव्हतं. हेमलताबाईंना ती लख्ख आठवली. ती पिंजऱ्यात आली आणि पाच मिनिटं नुसती कठडा धरून उभी राहिली. मग सुरू झाली ती मुलाच्या बारशापासून. हेमलताबाईंनी ऐकून घेतलं आणि मग टंकलेखकाकडे वळून सावकाश सांगितलं, "घ्या. सदर इसमास मी..." टंकलेखक कुलकर्ण्यांची बोटं खडखडली. जुना लोखंडी टाईपरायटर, त्याचा तो वास, वर फिरणारा पंखा आणि पंख्यानं उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेले गुळगुळीत दगड. सगळीकडे हीच पद्धत होती. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश ऐकायचा, आणि न्यायाधीश सांगेल ते कागदावर उतरायचं. त्यात लबाडी नव्हती. दिवसाला पाच साक्षी घ्यायच्या तर बारशापासून कोण लिहीत बसणार? अर्थ बरोबर उतरला म्हणजे झालं.

त्यांनी खोट्या साक्षींचे नमुने काढले. त्यातही एक त्यांचा निघाला. 'आता कसं सांगू साहेब, म्हंजे मी तिथं हुतो बी आन् नव्हतो बी.' हे शब्द त्या माणसाचेच होते. तो टाळाटाळ करतोय असं वाटलं, तेव्हा त्यांनी कुलकर्ण्यांना सांगितलं होतं, "हे साक्षीदाराच्याच शब्दांत घ्या. जसंच्या तसं." सगळे न्यायाधीश हेच करायचे. साक्षीदार फिरतोय असा संशय आला की त्याचं वाक्य त्याच्याच तोंडचं लिहून घ्यायचं, म्हणजे अपिलात त्याला पळता येत नाही.

हेमलताबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

कुणी मशीनमध्ये काही फिरवलं नव्हतं. मंत्र्यानं नाही, साडूनं नाही. ज्याच्यावर न्यायाधीशाचा विश्वास बसला, त्याचं बोलणं न्यायाधीशाच्या भाषेत उतरलं. ज्याचा संशय आला, त्याचं त्याच्या स्वतःच्या भाषेत. आणि मशीन नेमकं तेवढंच शिकलं होतं. कोर्टाच्या भाषेत बोलेल तो खरा. आपल्या घरच्या भाषेत बोलेल तो लबाड. ठेकेदाराच्या वकिलांनी हे केव्हाच ओळखलं असणार. त्यांचे साक्षीदार 'सदर ठिकाणी', 'सदर वेळी' म्हणत नव्वदीत गेले होते. पारूबाई शेरडांपासून सुरू झाली आणि तिथेच बुडाली.

बाहेरच्या इंजिनिअरांना हे कसं कळावं? त्यांना वाटलं, साक्ष म्हणजे साक्षीदाराचं बोलणं. अहवालासोबतच्या प्रतिज्ञापत्रातही तसंच होतं: 'पारख ही साक्षीदारांच्या मूळ शब्दांवर शिकवलेली आहे.' खाली सही, गौतमी सबनीस.

आणि मग हेमलताबाईंना तिसरा, खरा संशय आला.

गौतमी चहाला खाली आली तेव्हा आई टेबलाशी तशीच बसलेली होती.

"गौतमी, तुला ठाऊक होतं."

"काय?"

"उन्हाळ्याच्या सुट्टीत तू माझ्या कोर्टात मागच्या बाकावर बसायचीस. घरी सांभाळायला कुणी नसायचं. त्या मासेवाल्या आजीच्या दिवशी तू जेवताना मला विचारलंस, आई, त्या आजी असं कुठं म्हणाल्या? त्या तर रडत होत्या."

गौतमीनं कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "आणि तू म्हणालीस, रडणं लिहिता येत नाही, बाळ."

म्हणजे तिलाही आठवत होतं. हेमलताबाईंना वाटलं होतं, ती नाही म्हणेल. त्यांना तेच हवं होतं.

"सही करताना आठवलं होतं?"

"आई, मशीन बसवून झालं होतं. कायदा झाला होता. आता म्हणायचं, की कोर्टाच्या नोंदी साक्षीदारांच्या शब्दांत नाहीतच? जन्मठेपेचा प्रत्येक कैदी उद्या अपिलात जाईल. तुझे निकालसुद्धा उघडतील. हे सगळं तुला पाहिजे?"

"मला काय पाहिजे हा प्रश्नच नाही. त्या बाईला अटक होणार आहे."

"एका बाईसाठी..."

"एकच बाई आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

गौतमी त्याच संध्याकाळी निघाली. गाडीत बसताना म्हणाली, "तू साक्ष द्यायला गेलीस तर पारख तुझ्याही डोक्यावर असेल. विचार कर."

उच्च न्यायालयात सहसा साक्षी होत नाहीत. पण याचिका ज्यांच्यापुढे होती ते न्यायमूर्ती उपरीकर जुन्या वळणाचे, थोडे हट्टी. त्यांनी हेमलताबाईंना बोलावलं आणि नव्या कायद्याप्रमाणे पिंजराही आला, त्यावर पारखही आली. पारूबाई मागच्या भिंतीशी उभी होती. सरकारी वकील राजेशिर्के यांच्या मागच्या बाकावर गौतमी बसली होती, मांडीवर फाईल घेऊन.

"मॅडम, एक सुचवू?" मुजावर व्हरांड्यात कुजबुजले होते. "कोर्टाच्या भाषेत बोला. सदर, नमूद, वगैरे. पंचाण्णवच्या खाली येणार नाही तुम्ही."

"म्हणजे मशीन बरोबरच आहे म्हणायचं! तुमच्या हुशारीनंच बुडवाल तुम्ही त्या बाईला, मुजावर."

त्या घरी बोलतात तशाच बोलल्या. कुलकर्ण्यांचा टाईपरायटर आला, मासेवाली आली, मध्येच त्या अडखळल्या, मागे गेल्या, 'नाही, ते त्या आधीचं' म्हणाल्या. पद्धत काय होती ते सगळं सांगून झालं. पडद्यावर अंक उमटला: अडतीस.

कोर्टात खसखस पिकली. राजेशिर्क्यांनी उठायची घाई केली नाही. त्यांनी काळा गाऊन नीट केला.

"बाई, तुमचं वय लक्षात घेता आठवणींची सरमिसळ होणं स्वाभाविक आहे. एकच विचारतो." कायद्यात एक कलम होतं, ते त्यांनी आधी न्यायमूर्तींना वाचून दाखवलं. पारखीत चूक निघाली तरी, विभागाला ती आधीपासून ठाऊक असल्याशिवाय जुने निर्णय बदलणार नाहीत. मग ते हेमलताबाईंकडे वळले. "विभागातल्या कुणालाही, अगदी तुमच्या कन्येलाही, या तथाकथित पद्धतीची माहिती होती असं तुम्ही म्हणणार नाही ना?"

प्रश्न आईला विचारलेला होता. उत्तर काय येणार, हे राजेशिर्क्यांना ठाऊक होतं. हेमलताबाईंनी गौतमीकडे पाहिलं. तिची मान फाईलमध्ये होती. मानेवरचा तो लहानपणचा तीळ तेवढा दिसला.

आणि हेमलताबाईंच्या तोंडून वाक्य आलं. हजारो वेळा त्यांनी सांगून लिहवून घेतलेलं, गुळगुळीत, न अडखळता आलं. "विभागातील कोणासही सदर पद्धतीची माहिती होती, असे म्हणणे खरे नाही."

शहाण्णव.

"धन्यवाद," राजेशिर्के म्हणाले. "मायलॉर्ड, आज या पिंजऱ्यात एकच वाक्य खरं बोललं गेलं, आणि ते हेच. कुणाला काही ठाऊक नव्हतं. याचिका फेटाळावी."

मुजावरांची मान खाली गेली. मागे पारूबाईनं कुणालातरी विचारलं, "काय झालं वो?" न्यायमूर्तींनी पेन उचललं.

हेमलताबाईंनी पडद्यावरचा आकडा बघितला. आयुष्यात शपथेवर बोललेलं पहिलं खोटं. त्याला इतके अंक पडले होते. मशीन खोटं ठरवायला दुसरा पुरावा जगात कुठेच नव्हता. तो त्यांच्या एकटीच्या तोंडात होता.

"साहेब, थांबा," त्या म्हणाल्या. "ते शेवटचं खोटं होतं."

"कोणतं?"

"आत्ताचं. ते शहाण्णववालं. माझी मुलगी... तिला माहीत होतं हो. लहानपणापासून माहीत होतं. मी आई आहे, साहेब, माझ्यानं नाही बोलवलं..."

पडदा हलला. चौतीस.

आता हसायला कुणी उरलं नव्हतं. राजेशिर्के मात्र ताडकन उठले. "मायलॉर्ड, यंत्रानुसार ही कबुलीच खोटी आहे!"

"मलाही वाचता येतं," उपरीकर म्हणाले. ते हेमलताबाईंकडे झुकले. "सबनीसबाई, शपथेवर खोटं बोलल्याचं तुम्ही कबूल करताय. त्याचा परिणाम तुम्हाला सांगायला नको."

"ठाऊक आहे. मी ती शिक्षा दिलेली आहे."

"आणि यंत्र म्हणतं, तेव्हा तुम्ही खरं बोललात, खोटं आत्ता बोलताय."

"म्हणूनच तर सांगितलं."

न्यायमूर्तींनी उचललेलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. "सहसचिव गौतमी सबनीस. प्रतिज्ञापत्र तुमचं आहे. उभ्या राहा."

राजेशिर्के मागे वळून पुटपुटले, ते पहिल्या दोन रांगांना ऐकू आलं. "आकडा आपल्या बाजूनं आहे. फक्त नाही म्हणा."

गौतमी उभी राहिली. हेमलताबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. आयुष्यभर त्यांनी वकिलांचा संशय घेतला, पोलिसांचा घेतला, सरकारचा घेतला. माणसाचं तोंड उघडायच्या आधी ते काय बोलणार हे त्यांना बहुतेक वेळा कळायचं. पोटची पोर आता काय बोलेल, ते मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

"कुठली गोष्ट खरी?" उपरीकरांनी विचारलं. "आईंचं उत्तर, की आईंची कबुली?"

गौतमीनं फाईल मिटली.

"आई खरं सांगतेय," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं."

सगळ्यांच्या माना सवयीनं पडद्याकडे वळल्या. पडद्यावर अजून चौतीसच होते. पारखीचं भिंग आणि माईक पिंजऱ्यावर रोखलेले होते, आणि गौतमी पिंजऱ्यात नव्हती. ती बाकाशी उभी होती, फाईल छातीशी धरून, आणि तिच्यासाठी आकडा कुठेच नव्हता.

उपरीकरांनी समोरचा पडदा हातानं बाजूला सारला. खुर्ची पुढे ओढली. आणि गेल्या दोन वर्षांत कुठल्याच न्यायाधीशानं केलं नव्हतं तसं, बोलणारं माणूस खरं बोलतंय की खोटं हे ठरवायला, ते त्या माणसाच्या तोंडाकडे बघू लागले.